वेशीबाहेर भरलेला अमेरिकेचा तास

आचरेकर बाईंची आणि माझी ओळख झाली ती एम.ए.च्या पहिल्याच तासाला. अमेरिकेचा इतिहास का घेतला, असं बाई प्रत्येकाला विचारत होत्या. मी लोकशाही, स्वातंत्र्य वगैरे ठोकून दिलं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पुढच्या बाकावरच्या नयनाकडे, आणि म्हणाल्या, "कारण वाईट नाही. दोन वर्षं टिकायला हवं." वर्ग हसला. नयनाही हसली, म्हणून मी रागावलो नाही.

एरवी मी रागीटच. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना सरकारने त्यांच्या जमिनींवरून हुसकावलं, ते वाचून मी पानंच्या पानं शिव्याशाप लिहून दिले होते. बाईंनी एकही ओळ खोडली नाही. खाली फक्त लिहिलं, "राग रास्त आहे. आता पुरावा आणा." मग मुंबईहून स्वतः मागवलेली पुस्तकं माझ्यापुढे ठेवली. हुसकावणाऱ्या अधिकाऱ्यांची पत्रंसुद्धा वाचायला लावली. ज्याचा राग येतो त्याचं आधी पुरतं ऐकून घ्यायचं, ही त्यांची शिस्त. ती घरातही चालते, हे त्यांचे यजमान सांगतील.

त्या वर्षी आचऱ्याची गावपळण आली. देवाचा कौल झाला की सगळा गाव गुरं-कोंबड्यांसकट तीन दिवस वेशीबाहेर राहायला जातो, तसा गेला. बाई आचऱ्याच्याच. त्यांनी तास बुडवला नाही. आम्हालाच आपल्या झावळ्यांच्या झोपडीत बोलावलं. चुलीवर पेज, दारात कोंबड्या आणि चटईवर अमेरिकेचा नकाशा. मी म्हटलं, बघा, आपणही घरदार सोडून आलोच की.

बाई म्हणाल्या, "आपण परत जायचं ठरवून निघालो. त्या हुसकावलेल्यांना कुणी परत बोलावणार नव्हतं. तरी काही जण माघारी फिरले. का फिरले, ते शोधा."

माझ्या प्रबंधाचा विषय त्या चटईवर ठरला.

तो अर्धाच राहिला. दुसऱ्या वर्षी नयनाचं लग्न मुंबईला ठरलं आणि मी कॉलेज सोडून मालवणच्या जेटीवर आलो. मामा पर्यटकांना होडीतून फिरवतो, त्याच्या हाताखाली लागलो. एका दुपारी बाई त्या होडीत येऊन बसल्या. वाटेत प्रबंधाचं नाव नाही, नयनाचं नाही. सुरमईचा भाव आणि मामाचा गुडघा, एवढंच. उतरताना माझा हात धरला आणि वर्गात कधी न वापरलेल्या मालवणीत म्हणाल्या, "पळालंस, हरकत नाय रे. पण पळाचा तर गावपळणीसारख्या. परत येवचा आसता."

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण झाली. कॉलेजातून त्या निवृत्त होतील, पण अर्धवट काम घेऊन येणाऱ्याला त्यांच्या ओटीवर जागा आहे, हे आपण सगळेच जाणतो. नयना अजून आठवते, खोटं कशाला सांगू. तरी या जूनमध्ये मी पुन्हा नाव घालतो आहे. बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. मी फार सावकाश लिहितो, आणि ते वाचायला त्याच हव्यात.

बाई, वेशीपर्यंत आलोय. चटई घालून ठेवा.