खारवलेला पंख

काल्हेरला चिकनच्या दुकानापुढे गरम पाण्यात भिजलेल्या पिसांचा वास आला आणि मी मनाने थेट शेलार गावातल्या आमच्या लहानपणीच्या अंगणात पोचले. गटारीचा दिवस होता. आत्या कोंबडी साफ करायला बसली होती. "काही डायनासोरना पिसं होती, पक्षी त्यांचेच वंशज," मी शाळेत वाचलेलं सांगितलं. घरातले सगळे खो खो हसले.

आत्या हसली नाही. तिने कोंबडीचा पाय जवळ धरून नीट पाहिला. "खवलं त हायेत गो पोरी," ती म्हणाली. मग पिसं उपटण्याआधी एक अख्खा पंख कापून, मासा खारवतात तसा मिठात घालून तिने तो माझ्यासाठी वाळवला.

आज मी शिकवते. तो पंख वर्गात हातोहात फिरतो. एखादं पोर काहीतरी अचाट बोलतं, वर्ग हसतो. मी मात्र आत्यासारखी आधी कोंबडीचा पाय बघते.