न हुंगलेली फुलं

गाजर किसताना मला चौऱ्याऐंशी सालची ओहायोतली ती सकाळ आठवते. लेकाच्या घराजवळ, रस्त्याकडेला मी पूजेसाठी पांढरी, छत्रीसारखी फुलं तोडत होते. “आजी, स्मेल करू?” नातीनं विचारलं. “नको गं, देवाची आहेत.” मग ती पोकळ देठाची पिपाणी करून तोंडाला लावणार, तोच शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी धावत येऊन तिचा हात धरला. त्या काय बोलल्या ते मला कळलं नाही. नात रडवेली होऊन म्हणाली, “आजी, पॉयझन आहे.” बाईंनी मला तिच्या हातातला देठ दाखवला, गुळगुळीत, जांभळ्या ठिपक्यांचा; त्याच्या चुरगळलेल्या पानाला उंदरासारखा वास होता. बाजूच्याच, तशाच फुलांच्या दुसऱ्या झाडाचा देठ मात्र लवदार होता आणि पानाला गाजराचा वास होता; ते बिनविषारी रानगाजर. सुनेला हे सांगायचं धाडस मला कधीच झालं नाही. तेव्हापासून देवाची फुलं मी आधी हुंगते आणि मगच वाहते.