सुनेसाठी भरून ठेवलेलं पाणी

त्या सासूचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पोलादपूरला नेमणुकीवर असताना एका गरोदर मुलीची आई ठाण्यात अर्ज घेऊन आली. मुलीला सहावा महिना, हात थरथरतात, अन्न टिकत नाही, आणि महाडच्या डॉक्टरांनी बाळाची वाढ कमी असल्याचे सांगितलेले. "सासूनंच कायतरी चारलंय, सायब. घरात दुसरं कोन आजारी नाय, माझीच पोर कशी?" प्रश्न बिनतोड होता. मुलीला महाडला दवाखान्यात ठेवले आणि डायरीत नोंद केली.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचे नाही, तिच्या घरी जायचे, हा नियम. मुलीच्या सासरच्या वाडीचा डोंगर चढताना मी त्या नियमाच्या नावाने बरीच बोटे मोडली. सोबत महिला शिपाई होती. सासूला काहीही विचारा, ती मलाच विचारी, "पोटातल्या पोराला काय होनार नाय ना?" सराईत माणूस आधी स्वतःची सफाई देतो. ही बाई स्वतःबद्दल बोलेचना.

घसा सुकला म्हणून मी पडवीतल्या निळ्या ड्रमकडे वळलो, तर ती धावलीच. "त्यातलं नको, सायब. ते सुनेचं पानी, आमी कोन घेत नाय."

शिपाईबाई ताठ झाल्या. मी विचारले, "का घेत नाही?"

"तिला हिरीचा चढ नको, म्हनून पोरानं भंगारवाल्याकडनं ड्रम आनला. चौथ्या महिन्यापासनं मीच भरते. तिला कमी पडाय नको, म्हनून आमी हंड्यातलं पितो."

झाकण काढले. आत वाकल्यावर पुसटसा उग्र वास नाकात शिरला. "सुनेला वास येत नव्हता?"

"यायचा. पन दिवस गेल्यावर बायांना भाताचाबी वास येतो गो," ती शिपाईबाईंना म्हणाली. "आमी तिला हसायचो..." आणि ती ड्रमपासून मागे सरकली. मला काही सांगावे लागले नाही.

पंचनामा केला, पाण्याचे नमुने सीलबंद करून तपासणीला पाठवले, एक महाडच्या डॉक्टरांकडे दिला. भंगारवाल्याने लवकरच तोंड उघडले: रसायनांचे रिकामे ड्रम तो पाण्यासाठी म्हणून विकत होता. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला.

गर्भावर विषारी द्रव्यांचा काय परिणाम होतो, हे माशांच्या अंड्यांवर तपासणाऱ्या एका संशोधक बाईंकडे डॉक्टरांनी मला नेले. अंडी पारदर्शक, आत धडधडणारे हृदय दिसते. साध्या पाण्यातली पिल्ले सरळ पोहत होती. ड्रमच्या पाण्यातली जागच्या जागी गोल फिरत होती. नोकरीत कितीतरी प्रेते पाहिली, पण तिथे मी मान फिरवली.

"माशावरून तुमच्या बाळाचं भाकीत करता येत नाही," बाई तिसरी बशी पुढे सरकवत म्हणाल्या. "पण यांचं ड्रमचं पाणी आम्ही मध्येच बदलून साधं केलं होतं. बघा, बरीचशी सावरली."

तेवढे सांगायला मी पुन्हा डोंगर चढलो, या वेळी बिनतक्रार.

बाळ दिवस भरून आले. वजनाने कमी, रडणे मात्र ठणठणीत. पुढेही तपासण्या चालू ठेवायच्या होत्या. घरातल्या विषबाधेत तोवर मी राग कुठे आहे ते शोधायचो. त्यानंतर माया कुठे आहे, तेही विचारू लागलो.

बघायला गेलो तेव्हा मुलीची आई खाटेशी बसली होती आणि सासू दाराबाहेर उभी होती. सून दाराकडे बघून म्हणाली, "आत्या, पानी तुमीच द्या."

म्हातारी आत आली. तांब्यातले पाणी आधी ती स्वतः प्यायली, जराशी थांबली, आणि मगच सुनेला दिले.