एल्डर केलापिले क्रिओ बोलायला शिकला तेव्हा

सिएरा लिओनमधल्या केनेमात, हांगा रोडच्या मागच्या गल्लीत माझी खानावळ आहे. भात, कसाव्याच्या पाल्याचं कालवण आणि सुकी मासळी, एवढंच मिळतं, आणि दुपारी दोननंतर तेही मिळत नाही. मॉर्मन मिशनची पोरं, म्हणजे घरोघर जाऊन ख्रिस्ताचं सांगणारी, कित्येक वर्षं माझ्याकडेच जेवतात. मी मशिदीत जाणारी बाई, त्यांच्या चर्चशी माझा संबंध ताटापुरता. पण प्रत्येकाचं ताट मी ओळखून असते. कोण मिरची बाजूला काढतो, कोण दोनदा भात मागतो, कोण घरची आठवण येऊन नुसता चिवडत बसतो.

केलापिले चिवडणाऱ्यांतला होता.

जानेवारीत, उत्तरेचा धुळकट वारा सुटला होता तेव्हा तो आला. एकोणीस वर्षांचा, ताडमाड उंच, पांढरा शर्ट, टाय, आणि खिशावर काळी पाटी: एल्डर केलापिले. त्याच्याबरोबर एल्डर आसियामा. हा घानाचा, मिशनमध्ये दीड वर्ष मुरलेला. नव्या पोराला तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे.

माझ्या दुकानाशेजारी आंब्याखाली अटाया पिणाऱ्यांचा अड्डा बसतो. कडू हिरवा चहा उकळत ठेवायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्यावर तोंडसुख घ्यायचं, हा त्यांचा दिवसभराचा धंदा. मिशनमध्ये विशीच्या पोरालाही एल्डर म्हणतात; आमच्याकडे एल्डर म्हणजे गावातला वडीलधारा माणूस. पाटी वाचून त्यातला एक ओरडला, "अहो वडीलधारे! नातवंडं किती?"

केलापिलेला क्रिओ, आमची बोली, कळली नाही. त्याने नुसतं हसून मान डोलवली.

"बघा, मोजता येत नाहीत इतकी आहेत! या, चहा घ्या."

चहा आम्ही घेत नाही, असं आसियामाने सांगितलं. मग तर त्यांना दिवसभर पुरेल एवढा विषय मिळाला.

पुढे कधीतरी केलापिलेने मला सांगितलं, की त्यांच्या सेत्स्वाना भाषेत त्याच्या आडनावाचा अर्थ 'मी दमलोय' असा होतो. मी इतकी हसले की हातातला डाव खाली पडला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत पायी घरोघर फिरणाऱ्या माणसाचं नाव काय, तर मी दमलोय!

तो बोट्स्वानाचा, माहालाप्येजवळच्या खेड्यातला. लहानपण आजोळी, गुरांमागे गेलेलं. आईने दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करून त्याला शिकवलं. मिशनची चिठ्ठी आली, तेव्हा सिएरा लिओन कुठे आहे हे त्याने शाळेच्या नकाशात शोधलं. आधी तीन आठवडे घानात, अक्राला, त्यांच्या प्रशिक्षण केंद्रात. तिथे त्याने आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही बसच्या खिडकीतून.

"अक्राला काय शिकवतात रे?" मी विचारलं होतं.

"शिक्षक खोटं खोटं घरमालक व्हायचे, आंटी. आम्ही दार वाजवायचं, बसायचं, सांगायचं. ते शंका काढायचे. पण वीस मिनिटांत त्यांना पटायचंच."

"आणि इथे?"

"इथे सगळ्यांना पाच मिनिटांतच पटतं. मग रविवारी कुणीच येत नाही."

खरंच होतं ते. आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणायची पद्धत नाही. हो हो, येतो येतो म्हणायचं, पाणी द्यायचं, आणि विसरून जायचं. पहिल्या आठवड्यात केलापिलेने वहीत चाळीस घरं लिहिली आणि रविवारी चर्चच्या दारात उभा राहून चाळिसांची वाट पाहिली. त्या सोमवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, आईला फोन करून तो माझ्या मागच्या बाकावर येऊन बसला. डोळे लाल होते. मी शेंगदाण्याची आमटी वाढली. तीही त्याने चिवडलीच.

एक माणूस मात्र खरोखर आला: पा लहाई.

पा लहाई, म्हणजे लहाईबाबा, पासष्टीचा. तीस वर्षं नदीच्या गाळात उभं राहून हिरे चाळलेला, पण हिऱ्यांनी ज्याला कधी ओळख दिली नाही असा. माझ्या समोरच्याच अंगणात राहतो. देवाधर्माच्या वाटेला तो कधी गेला नव्हता. या पोरांचं काय आवडलं त्याला, देव जाणे. मला वाटतं, त्याच्या ओट्यावर बसून त्याचं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिलीच माणसं. सलग पाच रविवार तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला, पुढच्या बाकावर बसला, आणि येत नसलेली गाणीसुद्धा सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणाला.

त्याच्या घरात दोघी. थोरली जेबे, गुडघे गेलेली. धाकटी मुसू, अकरा वर्षांपूर्वी आणलेली. रताळ्याच्या पाल्याचे वाफे लावणं, बाजार करणं, जेबेचे गुडघे चोळणं, सगळं मुसूच्या अंगावर. दोघी भांडायच्या, पण मिळून, म्हाताऱ्याशी. ही पोरं यायची तेव्हा मुसू मागे वाफ्यात असायची. आसियामाला वाटायचं, ती जेबेची धाकटी बहीण. त्याने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला माहीत होतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं. पण हे मी स्वतःच्या समाधानासाठी म्हणते. सांगायचं असतं तर ताट वाढता वाढता सांगता आलं असतं.

सहाव्या आठवड्यात आसियामा म्हणाला, "आज सगळं तू बोल. मी गप्प बसणार."

केलापिले बोलला. मी माझ्या दारात भांडी घासत होते, मला सगळं ऐकू येत होतं. कुठे अडखळला नाही की इंग्रजीत घसरला नाही. आमच्यासारखे हेल काढून क्रिओ! पा लहाईने विचारलं, "पोरा, मला पाण्यात कधी उतरवणार?" बाप्तिस्म्याला तो तसंच म्हणायचा. केलापिलेने एकेक अट बोटावर मोजली. दारू नाही, तंबाखू नाही, चहा नाही. आणि शेवटी, "पाण्यात उतरायचं तर माणसाची बायको एकच असली पाहिजे, पा."

पा लहाईने स्वतःच्या बोटांवर ते पुन्हा मोजलं. मग म्हणाला, "समजलं."

बाहेर पडल्यावर आसियामाने त्याच्या पाठीवर थाप मारली. त्या दुपारी केलापिलेने दोनदा भात मागून घेतला.

दोन दिवसांनी ते दोघे जेवत असताना मुसू माझ्या दारावरून गेली. डोक्यावर गाठोडं, हातात तिचं स्वतःचं पातेलं. बाई पातेलं घेऊन निघाली की काय समजायचं ते समजतं.

"मुसू, कुठे?"

"सेग्ब्वेमाला, भावाकडे." ती थांबली नाही. "म्हाताऱ्याला पाण्यात उतरायचंय. मी आडवी येतेय म्हणे."

केलापिलेने मान वर केली. "आंटी, ही कोण?"

"त्याची बायको. धाकटी. तुला काय वाटलं, मोलकरीण?" माझ्या तोंडून निघून गेलं. "छान बोलायला शिकलास हो सहा आठवड्यांत! एका दमात घर मोडलंस."

त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ताट तसंच टाकून तो धावत सुटला, आणि त्याच्यामागे आसियामा, तोंडातला घास गिळत. मीही टोपावर झाकण टाकून गाडीतळाकडे निघाले. कारण मी जे बोलले होते, ते अर्धं मला स्वतःलाच बोलले होते.

सेग्ब्वेमाची पोदा-पोदा, ती माणसं कोंबून नेणारी गाडी, भरत आली होती. मुसू खिडकीशी बसली होती, पातेलं मांडीवर. केलापिले बाहेर उभा, घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. आता त्याला धड एक वाक्य येईना.

"मुसूआई, मी... चुकलं. मला माहीत नव्हतं. तुम्ही उतरा. मी गाठोडं घेतो."

"गाठोडं घेऊन काय करशील? तुझ्या टायला बांधशील?"

"मी त्यांना सांगतो. त्यांनी तुम्हाला परत..."

"ऐक." मुसू खिडकीतून वाकली. "अकरा वर्षं मी त्या घरचं खाल्लं नाही, त्या घराला खाऊ घातलं. आज त्याने जा म्हटलं. उद्या तू सांगितलंस म्हणून ये म्हणेल. परवा आणखी कुणी पांढरा शर्ट येईल. मी काय झाकण आहे, काढलं-ठेवलं?"

गाडी सुटली. ती गेलीच.

मला वाटलं होतं, पोरगं आता खोलीवर जाऊन तोंड लपवेल. तो तडक पा लहाईच्या ओट्यावर गेला. आसियामा हळूच म्हणाला, "आधी वरच्यांना फोन करू." केलापिले म्हणाला, "करू. पण नंतर." तो खाली जमिनीवर बसला. "पा, तुमच्या घरात कोण कोण आहे हे न विचारताच मी बोललो. नियम आहे तो आहे, मी तो बदलू शकत नाही. पण बाईला घराबाहेर काढा, असं मी म्हटलं नव्हतं. चर्चला तुम्ही जन्मभर या. पाण्यात उतरलं नाही तरी या."

पा लहाई भडकला. "म्हणजे? तू दार दाखवलंस, मी चप्पल काढली, आणि आता म्हणतोस बाहेरच बस?"

तेवढ्यात आतून जेबेचा आवाज आला. "मला कुणी विचारलं का? दोन पुरुष बसले, बोटं मोजली, आणि माझी मुसू गेली. गुडघे कोण चोळणार, तुमचं चर्च?"

त्या संध्याकाळी केलापिलेने मिशनच्या प्रमुखांना फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. आपल्याला घरी पाठवतील, असं धरूनच चालला होता. प्रमुखांनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि विचारलं, "ती बाई सुखरूप पोचली का?" त्याला ते माहीत नव्हतं. ते म्हणाले, "आधी ते बघ." दुसऱ्या दिवशी मीच सेग्ब्वेमाला फोन लावला. पोचली होती.

दहा दिवसांनी जेबे मुसूला आणायला निघाली, तसल्या गुडघ्यांनी. बरोबर म्हातारा, त्याच्या हातात मानाच्या कोलाच्या बिया आणि नवं लुगडं. मुसूच्या भावाने त्यांना दोन दिवस अंगणात ताटकळत ठेवलं, ते बरंच केलं. तिसऱ्या दिवशी मुसू आली, पातेल्यासकट.

केलापिले माफी मागायला गेला. ती म्हणाली, "तोंडाची माफी मला नको. तुझ्या तोंडाने काय होतं ते मी पाहिलंय. सोमवारी ये." मग दर सोमवारी तो आणि आसियामा तिचे वाफे निंदायला लागले. केलापिलेने आयुष्यात गुरंच राखलेली, पाला आणि तण त्याला सारखंच दिसे. "अरे, तो पाला आहे! तेच तर विकते मी!" मुसू ओरडायची. ती त्याची क्रिओ दुरुस्त करायची, तो तिला गुरांच्या रोगांबद्दल सांगायचा, ज्याचा तिला काही उपयोग नव्हता.

एकदा मी पाला घ्यायला गेले, तेव्हा निंदता निंदता तो मला म्हणाला, "माझ्या बापाने आईला असंच पाठवलं होतं, आंटी. मी सात वर्षांचा होतो. बसथांब्यावर मी तिच्या शेजारी उभा होतो. आणि तरी मला दिसलं नाही."

"तेव्हा तू लहान होतास."

"आता नव्हतो."

त्याने मिशन सोडलं नाही. तो जे सांगत फिरायचा त्यावरचा त्याचा विश्वासही गेला नाही, निदान मला तसं दिसलं नाही. फक्त तो हळू बोलायला लागला. कुणाच्या घरी गेला की आधी विचारायचा, पाणी कोण भरतं, स्वयंपाक कुणाचा, आजारी कोण आहे. कधी कधी एवढं विचारून होईपर्यंतच उठायची वेळ व्हायची. आसियामा वैतागायचा. मग तोही विचारायला लागला.

पा लहाई पाण्यात उतरला नाही. काही रविवार तो रुसून घरी बसला, मग पुन्हा जायला लागला. एकदा त्याने केलापिलेला अडवून विचारलं, "तुमच्या स्वर्गात माझ्या दोघी असतील का रे?" केलापिले म्हणाला, "मला माहीत नाही, पा." म्हाताऱ्याने हुंकार दिला आणि जेवायला गेला.

मे महिन्यात केलापिलेची बदली मकेनीला झाली. जायच्या दिवशी मुसूने त्याला पाल्याची जुडी दिली आणि वाटेत सुकेल म्हणून परत मागून घेतली. आता तो माहालाप्येला जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. ईदला मला फोन करतो. पा लहाई गेल्या वर्षी वारला. ते कळल्यावर त्याने दोघींशी आळीपाळीने बोलायला मागितलं. आधी जेबे बोलली. मग मुसूने फोन घेतला, तो अंगणाच्या टोकाला नेला आणि बराच वेळ आमच्याकडे पाठ करून बोलत उभी राहिली.