टकळी उलगडायचं खोकं

आई गेल्यावर वडील गावचं घर बंद करून आमच्याकडे गोखिवऱ्याला राहायला आले. नव्वदचं दशक संपत आलं होतं. ते निवृत्त शिक्षक. रोज सकाळी खिडकीत बसून टकळीवर सूत काढायचे. चार टकळ्या भरल्या की ते सूत हाताने फिरवायच्या लाकडी फाळक्यावर गुंडाळून त्याची गुंडी, म्हणजे लड, करायची, हा त्यांचा नेम.

टकळी उलगडायला त्यांनी स्वतःच एक साधन केलं होतं. चपलांच्या खोक्याला समोरासमोर दोन भोकं, त्यांत टकळी आडवी घातलेली. सूत ओढलं की टकळी फिरायची आणि खोकं पुढे सरकायचं. मग ते त्यात वजनाला खलबत्त्यातला बत्ता ठेवायचे.

मी वालीवला एका छोट्या कारखान्यात लेथवर होतो. दिवसभर केसाएवढा फरक मोजणाऱ्या माणसाच्या घरात हे खोकं असावं, याची मला लाज वाटायची. मी सागाची चौकट केली, दोन्ही बाजूंना भंगारातल्या मोटरची छोटी बेअरिंगं बसवली आणि खोकं भंगारवाल्याला देऊन टाकलं.

टकळी लोण्यासारखी फिरली, आणि तिसऱ्याच मिनिटाला सूत तुटलं.

वडिलांनी गाठ मारली. पुन्हा तुटलं. मी बेअरिंगमध्ये तेल सोडलं, तर आणखी लवकर तुटायला लागलं. चौकट हलत असेल म्हणून खाली लोखंडी पट्टी ठोकली. काही फरक नाही. टकळी वाकडी आहे का, ते कारखान्यात नेऊन तपासलं. सरळ होती. जे जे सुधारत होतो त्याने बिघडतच होतं, आणि का ते कळत नव्हतं.

"तुझ्या कामात खोट नाही," वडील एकदा म्हणाले. "माझाच हात आता नीट चालत नाही."

मला वाटलं, मला वाईट वाटू नये म्हणून म्हणतायत. पण मग मी टकळीऐवजी त्यांच्या हाताकडे बघायला लागलो. सूत ओढताना उजवा हात थरथरत होता. चहाचा कप धरतानाही. हे कधीपासून होतं? बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

आता तर मी पुरताच गोंधळलो. सूत हातामुळे तुटत होतं की माझ्या चौकटीमुळे? हातामुळे असेल तर चौकटीत काय दुरुस्त करायचं? आणि चौकटीमुळे असेल, तर मी उगाच त्यांना आजारी ठरवत नव्हतो ना?

एका रविवारी बायको भाजी निवडत आमच्याकडे बघत होती. ती म्हणाली, "अहो, अण्णा थांबले तरी टकळी थांबत नाही. सूत सैल पडून तिच्याभोवती उलटं गुंडाळलं जातंय, आणि पुढच्या ओढीला तुटतंय."

तिने टकळीच्या दांडीवर अलगद बोट टेकवलं. "ओढा अण्णा."

वडिलांनी ओढलं. हात थांबला की टकळीही थांबू लागली. खोक्याच्या पुठ्ठ्याची भोकं टकळीला जरा धरून ठेवायची, आणि मी नेमका तोच अडसर काढून टाकला होता. मग मी जुन्या चादरीची पट्टी दांडीवरून घेऊन दोन खिळ्यांना ताणून बांधली. त्या दिवशी चारही टकळ्या उलगडून झाल्या. सूत तुटलं, पण फक्त दोनदा.

ते दोनदा का तुटलं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

वडिलांना मी डॉक्टरांकडे नेलं. कंपवाताची सुरुवात असावी, असं डॉक्टर म्हणाले. "कधीपासून होतंय?" त्यांनी विचारलं. "बरेच दिवस झाले," वडील म्हणाले.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "अण्णा, मग मला चौकट का करू दिलीत?"

"तू एवढा मन लावून करत होतास," ते म्हणाले. "आणि सूत आधीही तुटायचं. मलाही वाटलं, कदाचित खोक्यामुळेच होत असेल."

पुढे दीडेक वर्ष त्यांनी सूत काढलं. मग कातणं जमेना, तेव्हा उरलेल्या टकळ्या आम्ही दोघांनी मिळून उलगडल्या. फाळका मी फिरवायचो आणि ते पट्टी कमी-जास्त ताणायचे. मी जोरात फिरवतोय, असं त्यांचं सारखं म्हणणं असायचं. मला तसं वाटत नव्हतं, पण मी हळू करायचो.