कात्री खाली ठेवली

कळंबच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा माझ्या सामानात काय नव्हतं? डबे, पितळी हंडा, डाळीचं पोतं, चटणीची बरणी. नव्हती ती फक्त माझी शिलाई मशीन. गावातल्या बायांचे ब्लाऊज शिवून शिवून मी स्वतः घेतलेली. लग्न झालं, नवऱ्याबरोबर चाकणला निघाले, आणि आईनं मशीन अन् कापडाची कात्री घरीच ठेवून घेतली. "लेकीला सुई-कात्री देऊ न्हाय बाई, नातं तुटतंय." दादा तर हसलाच, एका खोलीत मशीन ठेवणार कुठं म्हणाला. नवी नवरी होते, गप्प बसले.

गावात राहिलेल्या मैत्रिणींनो, आणि माझ्यासारख्या इकडं येऊन पडलेल्यांनो, तो राग अजून उतरलेला नाही.

चाकणला मी हातानंच शिवत राहिले. जुन्या साडीच्या बाजाराच्या पिशव्या, तापलेलं भांडं धरायला जाड फडकी, पायपुसणी. नाक्यावरून आणलेली कात्री कापड कापायची नाही, चावायची. मुरुम गावची शेजारीण म्हणायची, जुनी एखादी मशीन घे की. घेता आली असती. पण माझी होती ना एक! ती असताना दुसरी का घेऊ?

मग दिवस गेले. कपडे घट्ट व्हायला लागले. दुकानात गरोदर बायांचा ड्रेस उलटा करून बघितला, तर बाजूला जोडलेल्या दोन तिकोनी कळ्या आणि मागं नाडी. अरे, हे तर मी डोळे झाकून शिवते! घरी येऊन जुना ड्रेस दोन्ही बाजूंनी उसवला, ओढणीच्या कळ्या घातल्या, सलवारीला रुंद इलॅस्टिक लावलं. सगळं हातानं, दोन्ही वेळच्या स्वयंपाकातून वेळ काढून. आणि मी कामाला जाते त्या कंपनीत लाइनवर उभी असताना ती हातशिलाई उसवली. सगळ्यांसमोर. ओढणी पोटाला गुंडाळून शिफ्ट संपवली. त्या दिवशी घरी फोन करून मशीन मागितली. आईचं पुन्हा तेच, नातं तुटतंय.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला गावी गेले. मशीन आतल्या खोलीत होती, वर गाद्यांचा ढीग. पट्टा उंदरांनी कुरतडलेला. आणि माझ्या कापडाच्या कात्रीनं वहिनी खताच्या पोत्याची सुतळी कापत होती. शिवणाऱ्या बाईला विचारा, हे बघून काय होतं ते. माझं डोकंच फिरलं. वहिनीचा दोष नव्हता, तिला घरात सापडली ती तिनं वापरली.

आईला म्हणाले, "वहिनीच्या हातात दिली तेव्हा न्हाय तुटलं नातं? माझ्याशीच तुटतंय का?"

बाळंतपणाला मी माहेरीच राहणार असं सगळ्यांनी धरलं होतं. मी सांगितलं, चाकणलाच होईल, आणि जाताना मशीन नेणार.

सकाळी जीप आली. आईनं दादाला मशीन अंगणात आणून ठेवायला लावली. मला न्यायला आलेल्या नवऱ्यानं ती उचलून जीपमध्ये चढवली. मग आईनं कात्री पदरानं पुसली आणि माझ्या पायाशी, जमिनीवर ठेवली.

"हातात देत न्हाय म्या. खाली ठेवली. तू उचल, मग न्हाय तुटत."

एवढंच होतं? मग मी पहिल्यांदा चाकणला निघाले त्या दिवशी खाली ठेवायला काय झालं होतं? पळवाट आईला आधीपासून ठाऊक होती, माझ्यासाठी वापरावी असं वाटलं नव्हतं, बस्स. पोट सांभाळत मी वाकले. आईचा हात पुढं आला आणि मागं गेला. मदत केली असती तर ते देणं झालं असतं.

आता नवा पट्टा घालून त्याच मशीनवर आईच्या जुन्या लुगड्याची झबली, दुपटी शिवतेय. समोर हूक लावलेले दोन गाऊनही झालेत, बाळाला पाजायला सोपे. आई फोनवर विचारती, राग गेला का गं? न्हाय गेला, म्हणते, आणि तिची तब्येत विचारते. माहेर माझं आहेच, ते कुठं जातंय. पण शिवताना कात्री लांब राहिली की मी नवऱ्याला हाक मारते, आणि तो ती सरळ माझ्या हातात देतो. माझं घर ते.