मोघे सरांची चुळबूळ

मोघे सर जेवणाचा डबा फिरत फिरत खात. एक घास खिडकीशी, दुसरा माझ्या टेबलाशी, तिसरा थेट जिन्यात. वाटेत कोणाचा पंखा करकरताना दिसला की डबा तिथेच राहायचा आणि सर स्टुलावर चढायचे. पंख्याच्या मालकाला विचारण्याची पद्धत नव्हती.

आमची कंपनी डाळ निवडायची यंत्रं बनवते. खाली पडणारा प्रत्येक दाणा कॅमेरा बघतो आणि काळा दाणा दिसला की हवेचा फटकारा त्याला बाजूला उडवतो. हे ठरवणारी चिप म्हणजे एफपीजीए. तिची आतली जोडणी कायमची नसते. यंत्र चालू झालं की शेजारच्या फ्लॅश मेमरीतून ती आपली मांडणी वाचून घेते. फ्लॅशमधली मांडणी बदलली की मिलमधलं यंत्र जागच्या जागी नवं होतं. सरांच्या हाती नेमकी अशीच वस्तू यायला नको होती.

वाघोलीपुढच्या एका डाळमिलमधलं यंत्र उत्तम चाललं होतं. तरी सर तिथे जात, बाद मालाच्या पोत्यात हात घालत आणि एखादा चांगला दाणा सापडला की कासावीस होत. मालक हात जोडायचे. "सायेब, चांगलं चाललं हाय की. कशापायी हात लावताय?"

"चांगलं चाललंय म्हणून थांबायचं, तर तुमच्या आजीचं जातं काय वाईट होतं?" असं म्हणून सर लॅपटॉप जोडत. मी घाबरले की म्हणत, "अगं, जुनी मांडणी फ्लॅशमध्ये शाबूत आहे. नवी बिघडली तर चिप आपणहून जुनीवर येते. परत फिरता येतंय ना, मग भ्यायचं कशाला?"

मग सरांचे कपडे ढगळ दिसायला लागले. हात कापत, छाती धडधडे. थायरॉइडची ग्रंथी बेसुमार काम करत होती. औषधं लागू पडेनात. ग्रंथी काढली नाही तर हृदयावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं. सरांनी एवढंच विचारलं, "माझी चुळबूळसुद्धा तिच्यामुळेच का?" डॉक्टर म्हणाले, "बरीचशी."

त्यानंतर सर ऑपरेशन टाळू लागले. त्यांच्या पत्नी, वसुधाकाकू, खडकीहून मला फोन करून रडल्या. तेव्हा मी सरांना धारेवर धरलं.

"यात जुनी प्रत नाही गं," ते म्हणाले. "ऑपरेशननंतर उठलेला माणूस मला आवडला नाही, तर परत कुठे जाऊ?"

"काकूंना तुम्ही हवे आहात, सर. कसेही."

ऑपरेशन नीट पार पडलं. रोजची गोळी सुरू झाली, वजन भरलं, हात स्थिरावले. काही महिन्यांनी आम्ही वाघोलीला गेलो. बाद पोत्यातला चांगला दाणा मीच त्यांना काढून दाखवला. त्यांनी तो तळहातावर घेतला, पाहिला आणि परत पोत्यात टाकला.

"एवढं चालायचंच," म्हणाले.

मालक माझ्या कानाशी लागले. "म्याडम, सायबांना बरं न्हाई का?"

परतताना गाडीत सरांनी नोकरी सोडत असल्याचं सांगितलं. "चाललंय ते चालू द्यावं असं वाटणाऱ्याने या खात्यात राहू नये." त्यांच्या आवाजात खंत नव्हती, आणि तेच मला सोसवेना.

आता ते दुपारी झोपतात. काकू खूश आहेत, आणि मीही असायला हवं. यासाठीच तर मी भांडले होते. परवा घरी गेले तेव्हा सरांनी माझी, माझ्या मुलाची निवांत चौकशी केली. समोर ठणठणीत माणूस बसला होता, आणि मला मोघे सरांची फार आठवण येत होती.